‘इतर हक्क’ रकान्यातली नावं

“मॅडम, पोरगीला वकिली शिकवायची आणि शेवटाला कारकून करायची, हे काय मला पटंना झालंय.”

राधानगरी तालुक्यातून दोन एस.टी. बदलून कोल्हापूरला आलेले एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मुलीच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या. मुलगी दाराशी उभी, नजर खाली. आदल्या आठवड्यात मी वर्गात न्यायमूर्तींकडच्या इंटर्नशिपबद्दल आणि लॉ क्लार्कच्या जागांबद्दल बोलले होते. तिनं घरी जाऊन सांगितलं, मला क्लार्क व्हायचंय. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं.

वडिलांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे कोर्टाची पायरी ज्यानं चढली आहे, त्याला वकिलाचा कारकून माहीत असतो. तारखा लिहून ठेवणारा, नकलेसाठी अर्ज टाकणारा, कोर्ट फी स्टॅम्प आणणारा, साहेब दुसऱ्या कोर्टात असले तर धावत जाऊन त्यांना बोलावून आणणारा. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत फाइल कशी लावायची हे मला माझ्या सीनिअरांनी शिकवलं नाही, त्यांच्या कारकुनानं शिकवलं. या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण दोन हंगामांची ऊसबिलं मुलीच्या फीमध्ये घातलेल्या बापाला त्या शब्दात आदर कसा ऐकू यावा?

मी त्यांना होरेस ग्रे यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ १८८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसले आणि त्यांनी हार्वर्डमधून नुकतीच पदवी घेतलेली हुशार मुलं मदतीला ठेवायला सुरुवात केली. पगार स्वतःच्या खिशातून देत. प्रकरण वाचायचं, त्यावर स्वतःचं मत बनवायचं आणि न्यायमूर्तींशी वाद घालायचा, हे त्या मुलांचं काम. पुढे ती तिकडची रीतच झाली. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयात आणि उच्च न्यायालयांत कायद्याचे नवे पदवीधर ठरावीक मुदतीसाठी असे नेमले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या जाहिरातीत या पदाचं मानधन दरमहा ८० हजार रुपये होतं. त्यासाठी तीन टप्पे पार करावे लागतात: पर्यायी उत्तरांची परीक्षा, लेखी परीक्षा, मग मुलाखत.

“महिन्याला?” त्यांनी विचारलं.

“महिन्याला.”

ते मुलीकडे वळून बघायला लागले. मुलीनं मान वर केली नाही.

त्या दिवशी ते समाधानानं गेले असं मी म्हणणार नाही. दारातून जाताना म्हणाले, “बघा, तुमच्या जिवावर सोडतोय.” हे वाक्य मी या खोलीत बऱ्याच वेळा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

अकरा वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केल्यावर मी शिकवायला आले. नऊ वर्षांपूर्वी शिकवण्याच्या जोडीला करिअर मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आलं. ग्रंथालयाशेजारची एक खोली, एक संगणक, एक नोंदवही. इंटर्नशिपचं म्हणाल तर ती कुणाची हौस नाही, सक्ती आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंदवही लिहायची, त्याला गुण.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी तपासलेल्या नोंदवह्यांत दिसायचं. एकाच अपघाताचा एकच खटला, त्याच साक्षीदाराचा तोच उलटतपास, तीन वर्षांत सात विद्यार्थ्यांच्या सात हस्ताक्षरांत. चुलतमामा वकील असला की बारा आठवड्यांचा दाखला चहाच्या कपावर मिळतो. मुलांना दोष देताना माझी जीभ अडखळते. जो मुलगा सकाळी दूध घालून कॉलेजला येतो आणि दुपारी दुकानात बसतो, त्याला दिवसभर कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून काय बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता माझ्या चुकीबद्दल. हे काम हातात आलं तेव्हा मोठ्या शहरांतल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची मुलं अर्ज कसे करतात ते मी बघून घेतलं. झोकदार इंग्रजी, मूट कोर्टच्या स्पर्धा, परिषदांतले शोधनिबंध. आमच्या मुलांचे अर्जही तसेच दिसायला हवेत असं मी मनाशी ठरवून टाकलं. पहिल्याच वर्षी मी बारा मुलांसाठी एक मसुदा तयार केला. सुंदर होता तो मसुदा. लहानपणापासून न्यायदानाविषयी वाटणारी ओढ, घटनात्मक मूल्यांवरची निष्ठा, सगळं त्यात होतं. नाव आणि वर्ष बदलून बारा पत्रं गेली. एकालाही उत्तर आलं नाही. पुढे एका निवृत्त न्यायाधीशांना मी तो मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “यातला मुलगा कुठाय?”

त्यानंतर बराच काळ मला त्याचं उत्तर सापडत नव्हतं. मुलांना मी विचारायची, तुझ्याबद्दल सांग. ती सांगायची, माझं काय सांगायचं मॅडम, काहीच नाही. वडील शेती करतात. आई घरी असते. मी त्यांच्यापुढे बसून तेच ‘काहीच नाही’ वहीत उतरवून घेत होते आणि पुढच्या ओळीला निघत होते.

उत्तर मिळालं ते एका सरावाच्या फायलीतून. न्यायमूर्तींच्या दालनात इंटर्नला किंवा क्लार्कला पहिलं काम वाचनाचंच असतं. दोन-तीनशे पानांचं पेपरबुक हातात येतं. खालच्या कोर्टानं काय ठरवलं, का ठरवलं, वर कोण आलंय, काय मागतोय, तारखांचा क्रम काय, हे सगळं एक-दोन पानांत नेमकं मांडायचं. हे शिकवायला मी माझ्या वकिलीतली एक जुनी फाइल काढली होती, केव्हाच निकाल लागून गेलेली. नावं, गाव, गटनंबर काळ्या शाईनं झाकले. प्रकरण साधं, आपल्या भागात घराघरांत असतं तसं: बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितलेला आणि भाऊ म्हणतात, वाटणी १९९८ मध्येच तोंडी झाली. फायलीत काही कागद मराठी, शेजारी त्यांचं टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर.

दोन वर्षं ती फाइल मी मुलांना देत होते. हुशार मुलं चाळीस मिनिटांत पान लिहून द्यायची आणि त्या पानावर कायदा बिनचूक असायचा. महाराष्ट्रानं अविवाहित मुलींना सहहिस्सेदार केलं ती १९९४ ची दुरुस्ती, केंद्राची ९ सप्टेंबर २००५ पासूनची दुरुस्ती, ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा प्रकरणातला निकाल. मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. आणि तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य करायचा नाही, त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार हवा. मी शेरा मारायची: उत्तम.

त्या राधानगरीच्या मुलीला मी तीच फाइल दिली. चाळीस मिनिटं झाली, तासही झाला. कागद कोराच. मी थोड्या नाराजीनं जवळ गेले तर तिनं सातबाराच्या झेरॉक्सवर बोट ठेवलं होतं.

“मॅडम, मी बोलू? चुकत असंल तर सांगा.” आमच्याकडच्या मुली बोलतात तशीच ती बोलते, मी आलो, मी गेलो, मी बघितलो. “मी असला उतारा घरात बघितलोय. हे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या नावापुढं असतंय. म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची न्हाई, सगळ्यांची. आणि हिकडं इतर हक्कात बघा, बहिणींची नावं हाईत. वाटणी अठ्ठ्याण्णवला झाली म्हणतात. हा उतारा दोन हजार तीनचा हाय. वाटणी झालीवती तर ए.कु.मॅ. कशाला ऱ्हाईल?”

मी इंग्रजी भाषांतराचं पान उलटलं. त्यात थोरल्या भावाचं नाव होतं, क्षेत्र होतं, आकार होता. ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं भाषांतर करणाऱ्यानं सोडून दिली होती. ‘इतर हक्क’ रकान्यातली नावं शेवटी एका ओळीत होती, पण ती कुणाची कोण हे कळायला मार्ग नव्हता. विनीता शर्मा निकालात सार्वजनिक दस्तऐवजाचं जे म्हटलं आहे, तो दस्तऐवज त्या फायलीत पहिल्यापासून होता, मराठीत. तो बचावाच्या विरुद्ध बोलत होता. ते प्रकरण मी स्वतः चालवलं होतं. दोन वर्षं मुलांना शिकवलं होतं. आणि ती तीन अक्षरं मला दिसली नव्हती.

कोर्टात महसुली नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे मी तिला लगेच सांगितलं. तलाठ्यानं शेरा कमी करायचा राहिला असं समोरचा वकील म्हणेल, हेही सांगितलं. तिनं लिहून घेतलं. पण घरी परत जाताना कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबले आणि पाठीमागून हॉर्न वाजेपर्यंत मला हलायचं भान नव्हतं. इतकी वर्षं मी मुलांना जे लपवायला शिकवत होते, त्याचीच न्यायमूर्तींच्या टेबलाला गरज असते.

महाराष्ट्रात १९९८ पासून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. खालून वर जाताना फिर्याद, जबाब, पंचनामा, फेरफार, मृत्युपत्र, सगळं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातं आणि वाटेत काही ना काही सांडतं. वर बसलेल्या न्यायमूर्तींना मूळ कागद वाचून ‘साहेब, इथे काहीतरी राहिलंय’ असं सांगणारं माणूस किती उपयोगाचं असेल! खातेफोड कशी होते, पोटहिस्सा कसा पडतो, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर कुठे चढतो, हे आमची मुलं जेवताना ऐकत मोठी झालेली असतात.

तेव्हापासून मी मुलांना मसुदा देत नाही. आधी चार प्रश्न विचारते. घरातल्या कुठल्या कागदावरून भांडण झालंय? तुम्ही कुणाला कधी अर्ज लिहून दिलाय? तलाठी कार्यालयात, तहसीलला, बँकेत कुणाबरोबर गेलात? कुठला कागद तुम्हाला वाचता येतो जो तुमच्या वर्गमित्राला येत नाही? शिरोळकडच्या एका मुलानं सांगितलं की महापुरानंतर नुकसानीच्या पंचनाम्यांवर गावातल्या लोकांच्या हरकती त्यानं लिहून दिल्या होत्या, साठ-सत्तर घरांच्या. दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता आणि मला याचा पत्ता नव्हता. त्याच्या परिचयपत्रात ही ओळ वर घेतली आणि कधी न लढलेल्या मूट कोर्टची ओळ मी स्वतःच्या हातानं खोडली. खोटी एक ओळही जाऊ द्यायची नाही, याबाबत मी कठोर आहे. न्यायाधीशाचं आयुष्यच खोटं ओळखण्यात गेलेलं असतं.

इंग्रजी मात्र यावंच लागतं. मराठीच्या प्रेमापोटी मी मुलांना यात सवलत देत नाही. रोज एक निकाल वाचायचा आणि दहा ओळींत त्याचं सार इंग्रजीत लिहायचं, साध्या, छोट्या वाक्यांत. महागड्या संकेतस्थळांची वर्गणी परवडत नाही ही तक्रार आता चालत नाही. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत, उच्च न्यायालयाचे त्यांच्या संकेतस्थळावर. सुरुवातीला मुलं निकालातली वाक्यंच उचलून आणतात. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी लिहितं, ‘या मुद्द्यावर मला न्यायालयाचं कारण पटलं नाही’. त्या दिवशी मी त्या मुलाला किंवा मुलीला कँटीनमध्ये चहा पाजते.

२० मे २०२५ ची दुपार विसरणार नाही. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांची वकिली हवी, ही अट त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आणली. संध्याकाळपर्यंत माझा फोन थांबला नव्हता. मुलगे विचारत होते, अभ्यासक्रम बदलेल का. मुली विचारत होत्या, घरी काय सांगू. पदवीनंतर एक वर्ष अभ्यास, मग परीक्षा, असा करार करून कितीतरी जणींनी घरातलं लग्नाचं बोलणं थांबवून ठेवलं होतं. आता ते एक वर्ष तीन-चार वर्षांचं झालं, आणि ज्युनिअर वकिलाला पहिल्या वर्षी जे मिळतं त्यात पेट्रोल भागत नाही. कोर्टात उभं राहून घाम गाळल्याशिवाय न्यायाच्या खुर्चीत बसू नये, हे मला वकील म्हणून पूर्ण पटतं. त्या मुलींशी बोलताना मात्र माझ्या तोंडून ते निघालं नाही.

रात्री मी निकाल शांतपणे वाचला. न्यायमूर्तींकडे किंवा न्यायिक अधिकाऱ्याकडे लॉ क्लार्क म्हणून काढलेला काळही या तीन वर्षांत धरावा, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेवढा भाग छापून खोलीच्या दारावर चिकटवला. क्लार्कचं काम करताना वकिली करता येत नाही, पण मानधन मिळतं, रोज वाचायला मिळतं, आणि ते वर्ष वाया जात नाही. राधानगरीच्या त्या वडिलांना मी फोन करून हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “म्हंजे ही कारकुनी मोजत्यात?” मोजतात, म्हटलं.

आणि तीन महिन्यांनी जे घडलं त्यानं माझ्या कामाचा नकाशाच बदलला. १७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं आणि १८ तारखेला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. सुरुवातीला एक द्विसदस्यीय आणि दोन एकसदस्यीय पीठं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, हे सहा जिल्हे. चाळीस वर्षांहून जास्त काळ वकिलांनी आणि लोकांनी हे मागितलं होतं. मी स्वतः ज्युनिअर असताना काम बंद ठेवून मोर्चात चालले आहे. संस्थानकाळात या गावाला स्वतःचं हायकोर्ट होतं. १९४९ च्या विलीनीकरणानंतर वरच्या कोर्टाचं काम म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र आणि मुंबई, हे समीकरण बनलं. त्या गाडीत फायलींची बॅग उशाला घेऊन झोपणारे पक्षकार मी पाहिले आहेत.

लोक अपिलांबद्दल, पक्षकारांच्या खर्चाबद्दल बोलले, ते बरोबरच होतं. मी माझ्या नोंदवहीकडे बघत होते. न्यायमूर्तींकडे इंटर्नशिप म्हणजे मुंबईत चार आठवडे राहायचं. कॉट बेसिसवर जागा, जेवण, लोकल, आणि पहिल्याच दिवशी लागणारा काळा कोट. इंटर्नला पैसे मिळत नाहीत. त्या खर्चापायी माझ्या वहीत किती नावांपुढे ‘नको म्हणाली’ असं लिहिलेलं होतं, ती पानं मी त्या दिवशी उलटली नाहीत. आता गगनबावड्याची मुलगी सकाळच्या एस.टी.नं येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकते.

प्राचार्यांच्या सहीनं अर्ज गेले, प्रत्येकाचा वेगळा. कुणाला घ्यायचं, कधी घ्यायचं, हे सर्वस्वी ज्या त्या न्यायमूर्तींवर असतं. माझ्या हातात फक्त अर्ज खरा असणं होतं. राधानगरीच्या मुलीचं पत्र पाऊण पानाचं झालं. त्यात तिनं लिहिलं की सातबारा, फेरफार आणि जुने जबाब मला वाचता येतात, इंग्रजी बोलताना मी अजून अडखळते पण लिहिते नीट, आणि मला शिकायचं आहे. अडखळण्याबद्दलचं वाक्य काढावं असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. ती नको म्हणाली. तसंच गेलं.

हिवाळ्यात तिला चार आठवड्यांसाठी बोलावणं आलं. आदल्या दिवशी मी तिला पुन्हा एकदा सगळं समजावलं. वेळेआधी पोचायचं. न कळलेलं कळलं असं म्हणायचं नाही. आणि दालनात जे वाचशील, ऐकशील, ते दालनातच राहतं. मैत्रिणीला नाही, वकिलाला नाही, मलाही नाही. कुठलं प्रकरण, कुणाचं, साहेब काय म्हणाले, काही नाही.

दहा-बारा दिवसांनी वडिलांचा फोन आला. पाठीमागे उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

“मॅडम, रोज सांजच्याला जेवताना इचारतोय, आज काय झालं गं कोर्टात? तर म्हणती, ‘आप्पा, सांगता याचं न्हाई.’ कुणाची केस हाय एवढं तरी सांग म्हटलं, तर गप जेवती. भाऊ चिडवतोय, आई रुसल्या.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी म्हटलं, नको सांगू.”